केळीचे डॉलर कोणत्या वाटेनं आणावेत: टीटी, स्टेबलकॉइन की बँकांची सामाईक खातेवही?

रावेर-यावल पट्ट्यातून आखातात केळी पाठवणारे गेल्या काही वर्षांत झपाट्यानं वाढले. सावदा, फैजपूर, चोपडा या भागांत पॅकहाऊस उभी राहिली. ज्यांचे वडील बऱ्हाणपूरच्या भावाकडं बघून माल सोडायचे, ती मुलं आता दुबईच्या खरेदीदाराशी व्हॉट्सॲपवर दर ठरवतात. फण्या कशा काढायच्या, तेरा किलोची पेटी कशी भरायची, प्री-कूलिंग किती वेळ द्यायचं, हे सगळ्यांना येऊ लागलं आहे. पैसे कोणत्या वाटेनं आणायचे, याबद्दल मात्र अजून गोंधळ आहे. नवा निर्यातदार भेटला की प्रश्न ठरलेला असतो: "खरेदीदार म्हणतो यूएसडीटी घ्या, बँक म्हणते टीटीच घ्या, आणि ते ब्लॉकचेनवर डॉलर येतात म्हणे, ते काय आहे?"

टीटी म्हणजे बँकेतून बँकेत येणारी परदेशी रक्कम. यूएसडीटी म्हणजे डॉलरला बांधलेलं डिजिटल नाणं, अशा नाण्यांना स्टेबलकॉइन म्हणतात. ब्लॉकचेन म्हणजे अनेकांनी मिळून ठेवलेली सामाईक डिजिटल खातेवही. या तीन वाटांपैकी दोन मी वापरतो आणि एकीला विचार करून नकार दिला आहे. त्या अनुभवावरून हे लिहितोय. घड्याळ लावून मोजमाप केलेलं नाही, आणि कोणाचा व्यवहार कसा चालेल हे त्याच्या बँकेवर आणि खरेदीदारावर बरंच अवलंबून असतं, तेव्हा माझं म्हणणं तेवढ्याच मापानं घ्यावं. जळगाव एमआयडीसीतल्या चटईवाल्यांना आणि डाळमिलवाल्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल. फरक एवढाच की त्यांचा माल बंदरात आठवडाभर पडला तरी खराब होत नाही. इराणला माल पाठवणाऱ्यांनी मात्र ही तुलना वाचून निर्णय घेऊ नये. तिथं निर्बंधांमुळं पैशाचा प्रश्नच वेगळा होतो.

टीटी: निरोप पुढं, पैसा मागं

टीटीबद्दल नव्यानं सांगण्यासारखं फार नाही. तीस टक्के ॲडव्हान्स, बाकीचे सत्तर टक्के बीएलच्या, म्हणजे ज्यावर माल ताब्यात मिळतो त्या जहाज कंपनीच्या पावतीच्या, स्कॅनवर. दोन्ही हप्ते बँकेतून येतात, पैसे कशाचे ते सांगणारा पर्पज कोड लागतो, शिपिंग बिलाशी, म्हणजे कस्टमच्या निर्यात कागदाशी, जुळवणी होते, ई-बीआरसी, म्हणजे पैसे आल्याचं प्रमाणपत्र, निघतं. खर्चाबद्दल सगळेच कुरकुरतात: मधली बँक वीस-पंचवीस डॉलर कापते, आपली बँक डॉलरच्या दरात थोडे पैसे ठेवून घेते. मला तो खर्च कधी फारसा टोचला नाही. वीस टन माल जातो एका कंटेनरमध्ये, त्या रकमेत पंचवीस डॉलर खपून जातात.

टोचली ती दुसरी गोष्ट. टीटीत निरोप आणि पैसा वेगवेगळे चालतात. स्विफ्ट ही १९७३ साली बेल्जियममध्ये उभी राहिलेली बँकांची सहकारी संस्था. तिचं काम निरोप पोहोचवण्याचं. 'अमुक खात्यात इतके डॉलर जमा करा' असा निरोप दुबईच्या बँकेतून निघतो. प्रत्यक्ष डॉलर सरकतात ते न्यूयॉर्कमधल्या बँकांच्या वह्यांत, एका खात्यातून दुसऱ्या खात्यात. आपल्या बँकेचं तिथं जे डॉलर खातं असतं, त्याला नॉस्ट्रो म्हणतात. निरोप आला तरी नॉस्ट्रोत पैसे पडल्याची खात्री होईपर्यंत आपली बँक आपल्याला पैसे देत नाही, आणि बऱ्याच बँका ही खात्री दिवसाअखेर येणाऱ्या स्टेटमेंटवरून करत आल्या आहेत.

केळीच्या कंटेनरला हे कसं भोवतं ते बघा. न्हावा शेवाहून निघालेलं जहाज आठवड्याच्या आत दुबईच्या जेबेल अली बंदराला लागतं. खरेदीदार शेवटचा हप्ता माल बंदराला लागता लागता भरतो, कारण त्यालाही पैसे अडकवून ठेवायचे नसतात. पैसे आले की आपण बीएल सरेंडर करतो, म्हणजे शिपिंग कंपनीला परत देतो, ती टेलेक्स रिलीज, म्हणजे माल सोडायचा निरोप, देते आणि खरेदीदार कंटेनर उचलतो. या साखळीत शुक्रवार आडवा आला की सगळं थांबतं.

रमजानच्या आधीचा हंगाम होता. आमचा कंटेनर गुरुवारी जेबेल अलीला लागला. खरेदीदारानं शुक्रवारी सकाळी पैसे भरले आणि लगेच स्विफ्ट कॉपी पाठवली. कॉपी चोख होती. ३२ए समोर तारीख, चलन आणि रक्कम. ५९ समोर आमचं नाव आणि खातं. ७० समोर आमच्या इन्व्हॉइसचा नंबर. ७१ए समोर एसएचए, म्हणजे दोघांनी आपापल्या बाजूचा खर्च सोसायचा. शिवाय यूईटीआर, माग काढायचा तो छत्तीस अक्षरांचा लांबलचक क्रमांक. बँकेला फोन केला तर उत्तर आलं, "मेसेज दिसतोय, फंड दिसत नाही." शनिवार गेला, रविवार गेला. सोमवारी न्यूयॉर्क उघडेपर्यंत आपल्याकडं संध्याकाळ झाली, आणि स्टेटमेंट हातात यायला मंगळवार उजाडला. तोवर कंटेनर बंदरात, माल थंड ठेवायला विजेच्या प्लगवर उभा, भाडं दिवसागणिक चढतंय. खरेदीदार चिडलेला: "मी पैसे भरलेत, कॉपी तुमच्याकडं आहे, बीएल का सोडत नाही?" त्याचं खरं होतं. माझंही खरं होतं. स्विफ्ट कॉपी हातात असली म्हणजे पैसे हातात आले असं होत नाही. निरोप मागं घेतला जाऊ शकतो, मधल्या बँकेत चौकशीसाठी अडकू शकतो, आणि बनावट कॉप्या फिरतात हे आपल्या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे. इकडं ज्यांच्या बागेतून माल कापला होता ते शेतकरी पॅकहाऊसवर येऊन बसलेले: "पैसे कधी भेटतीन, भाऊ?" शेवटी रक्कम आली, पूर्ण आली. पण माल पिवळा पडायला लागल्याचं सांगून खरेदीदारानं पुढच्या कंटेनरच्या बिलातून सूट कापून घेतली.

या प्रकारात कोणी कोणाला फसवलं नव्हतं. तरी दोन्ही बाजू दुखावल्या आणि माल खराब झाला, तो निरोप आणि पैसा यांच्यामधल्या त्या रिकाम्या दिवसांत. माझ्या लेखी सगळी तुलना या एका जागेवर येऊन थांबते. वेग, खर्च, तंत्रज्ञान हे सगळं त्याच्यामागून.

हा प्रश्न काही आपल्या गावापुरता नाही. २६ जून १९७४ ला जर्मनीतली हेरस्टाट बँक सरकारनं बंद केली. त्या दिवशीच्या व्यवहारांचे जर्मन मार्क तिच्याकडं जमा झाले होते, आणि बदल्यात न्यूयॉर्कमध्ये द्यायचे डॉलर वेळेच्या फरकामुळं अजून जायचे होते. ज्यांनी मार्क देऊन टाकले होते ते अडकले. मोठ्या बँकांनी त्यातून धडा घेतला आणि चलनांच्या अदलाबदलीसाठी २००२ मध्ये सीएलएस नावाची व्यवस्था सुरू झाली. तिच्यात दोन्ही बाजूंचे पैसे एकाच वेळी चुकते होतात. कंटेनर पाठवणाऱ्याला तशी सोय कोणी दिली नाही.

त्यात सुट्ट्यांचा घोळ. डॉलर न्यूयॉर्कमार्गे जाणार म्हणजे शनिवार-रविवार गेले. आपल्याकडं दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँका बंद. अमिरातीनं २०२२ पासून सरकारी सुट्टी शनिवार-रविवारवर आणली, त्यामुळं दुबईचं थोडं सोपं झालं. सौदीत सुट्टी शुक्रवार-शनिवार. जेद्दाहच्या खरेदीदाराशी व्यवहार असेल तर त्याची बँक आणि न्यूयॉर्क दोन्ही उघडं असण्याचे दिवस आठवड्यातून चारच उरतात.

टीटीच्या बाजूनंही सांगितलं पाहिजे. २०१७ मध्ये स्विफ्टनं जीपीआय आणलं, त्यामुळं यूईटीआरवरून निरोप कुठं पोहोचला हे बँकेला दिसतं. बाझेलच्या बीआयएसमध्ये, म्हणजे मध्यवर्ती बँकांच्या बँकेत, पेमेंटचा अभ्यास करणारी एक समिती आहे. तिनं २०२२ मध्ये जीपीआयची आकडेवारी तपासली. निम्मे व्यवहार दोन तासांच्या आत पोहोचतात, असं त्यात निघालं. उशीर होतो तो बहुतेक शेवटच्या टप्प्यात, पैसे घेणाऱ्याच्या बँकेत, आणि दक्षिण आशियासारख्या भागांत तो जास्त. म्हणजे सगळा दोष मधल्या साखळीवर टाकता येत नाही. रिझर्व्ह बँकेच्याही हे लक्षात आलेलं दिसतं. ऑक्टोबर २०२५ च्या तिच्या मसुद्यात बँकांना सांगितलं आहे की बाहेरच्या पैशाचा निरोप येताच ग्राहकाला कळवा, आणि नॉस्ट्रोची जुळवणी दिवसाअखेरपर्यंत न थांबवता दिवसभर करत राहा. हे नीट अमलात आलं तर टीटीतला माझा निम्मा त्रास जाईल. शनिवार-रविवारचा राहीलच.

स्टेबलकॉइन: सगळ्यात जलद, आणि तरी नको

दुबईत यूएसडीटी देणारे-घेणारे सहज भेटतात. नुसत्या तंत्राकडं पाहिलं तर ही वाट वरचा प्रश्न साफ सोडवते, हे मान्य करायला हवं. इथं निरोप हाच पैसा. ट्रॉन या ब्लॉकचेनवर दर तीनेक सेकंदांनी नवा ब्लॉक, म्हणजे नोंदींचा नवा गठ्ठा, येतो, इथेरियमवर दर बाराएक सेकंदांनी. शुक्रवारी मध्यरात्री पाठवले तरी काही मिनिटांत समोरच्याच्या वॉलेटात. खरेदीदारानं हे माझ्यासमोर स्वतःच्या फोनवर करून दाखवलं, आणि ते बघून मोह झालाच.

नकार दिला तो कागदांमुळं. परकीय चलन कायद्याप्रमाणं निर्यातीचे पैसे अधिकृत बँकेमार्फत यायला हवेत. यूएसडीटी वॉलेटात आले म्हणून शिपिंग बिल बंद होत नाही. निर्यातीच्या पैशांची नोंद ठेवणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या ईडीपीएमएस प्रणालीत ते थकलेलंच दिसतं, ई-बीआरसी निघत नाही, आणि ई-बीआरसी नसेल तर ड्रॉबॅक, रोडटेप अशा निर्यातीवरच्या सगळ्याच करपरताव्यांवर टांगती तलवार. शिवाय २०२२ पासून आभासी मालमत्तेच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे आणि विकताना पूर्ण रकमेवर १ टक्का टीडीएस. केळीच्या पेटीमागं शेवटी काय सुटतं ते आपल्याला ठाऊक आहे. त्यातून उलाढालीचा एक टक्का आधीच कापला गेला तर खेळतं भांडवल आटतं, मग तो विवरणपत्र भरल्यावर परत मिळणार असला तरी.

आणि रुपये करायचे कसे? बरेच जण अनोळखी माणसाला विकतात आणि त्याच्याकडून थेट खात्यात पैसे घेतात. ते पैसे एखाद्या सायबर गुन्ह्यातले निघाले तर पोलीस खातं गोठवतात. ज्या खात्यातून शेतकऱ्यांचे आणि कापणीच्या मजुरांचे पैसे जातात, ते खातं ऐन हंगामात गोठलं तर गावात तोंड दाखवायला जागा राहत नाही.

'डॉलरला बांधलेलं आहे, पडत नाही' हेही पूर्ण खरं नाही. मार्च २०२३ मध्ये सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली तेव्हा यूएसडीसी हे दुसरं स्टेबलकॉइन काढणाऱ्या सर्कल कंपनीचे ३.३ अब्ज डॉलर तिथं अडकलेले निघाले. एक डॉलरचं ते नाणं त्या शनिवारी ८८ सेंटच्या आसपास उतरलं. सोमवारपर्यंत सावरलं हे खरं, पण ज्याला नेमके त्या शनिवारी पैसे मोकळे करायचे होते त्याचं काय झालं असेल याचा विचार करा. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेत जिनियस ॲक्ट आला, नाण्यामागं राखीव रक्कम कशी ठेवायची याचे नियम ठरले. त्यानं हा धोका पुढं कमी होईल असं वाटतं. तरी आपल्याकडचा कायदा बदलेपर्यंत निर्यातदारानं या वाटेला जाऊ नये. बाकी मुद्द्यांवर मतभेदाला जागा आहे, इथं मला तरी ती दिसत नाही.

सामाईक खातेवही

तिसऱ्या वाटेत नवं नाणं नसतं. बँकेतलेच डॉलर असतात, फक्त त्यांची नोंद प्रत्येक बँक आपापल्या वहीत वेगळी ठेवण्याऐवजी सगळ्या सहभागी बँका एकाच वहीत ठेवतात. केळीची गाडी काट्यावर चढते तेव्हा शेतकरी, व्यापारी आणि ड्रायव्हर तिघंही एकाच काट्याचा आकडा बघतात. प्रत्येकानं आपापल्या घरी वजन करायचं आणि संध्याकाळी जुळवायचं, असं आपण कधी करत नाही. टीटीत बँका नेमकं तेच करत आल्या. सामाईक वहीत नोंद पडली की पैसे पडले, मागाहून स्टेटमेंटची वाट बघायची नाही. ही वही यूएसडीटीसारखी सगळ्या जगाला उघडी नसते. ज्यांना परवानगी आहे त्या बँकाच तिच्यात लिहू शकतात, आणि म्हणूनच आपला कायदा आणि आपले कागद तिच्याशी जुळतात.

भारतापुरतं याचं दार गुजरातमधल्या गिफ्ट सिटी या आंतरराष्ट्रीय आर्थिक केंद्रात आहे. जेपी मॉर्गन बँक २०२० पासून ओनिक्स नावानं हे काम करत होती, २०२४ मध्ये त्याचं नाव कायनेक्सिस झालं. जून २०२३ मध्ये तिनं एचडीएफसी, आयसीआयसीआय, ॲक्सिस यांच्यासारख्या बँकांना सोबत घेऊन गिफ्ट सिटीत बँकांचे आपापसातले डॉलर व्यवहार या वहीवर चुकते करण्याचा प्रयोग सुरू केला. २०२५ मध्ये ॲक्सिस बँकेनं त्याच आधारावर व्यावसायिक ग्राहकांसाठी डॉलर चुकते करण्याची चोवीस तासांची सोय जाहीर केली.

आमच्यासारख्या मध्यम पॅकहाऊसला अशी वाट मिळाली, ती मोठ्या खरेदीदारामुळं. त्याची बँक आधीपासून अशा वहीवर होती आणि आमच्या बँकेची गिफ्ट सिटीतली शाखाही. आम्हाला वॉलेट घ्यावं लागलं नाही, नवं काही शिकावं लागलं नाही. खातं जळगावच्या शाखेतच राहिलं, बदल झाला तो बँकेच्या आत. ते जमवायला मात्र चिकाटी लागली. शाखेत कोणाला याची कल्पना नव्हती, बोलणं मुंबईच्या ट्रेझरीवाल्यांशी, म्हणजे बँकेचं परकीय चलन सांभाळणाऱ्यांशी, करावं लागलं, खरेदीदाराचे आणि आमचे कागद पुन्हा पहिल्यापासून द्यावे लागले, आणि तोवर कांदेबाग केळीचा हंगाम उलटून गेला.

फरक जाणवला तो एका शनिवारी. खरेदीदारानं दुपारी पैसे सोडल्याचा फोन केला, आणि फोन ठेवून पोर्टल उघडलं तर रक्कम दिसत होती. मेसेज आल्याची ओळ नव्हे, जमा झाल्याची. त्याच दुपारी बीएल सरेंडरचा मेल शिपिंग कंपनीला गेला आणि सोमवारी सकाळी कंटेनर बंदराबाहेर पडला. खरेदीदाराशी एका शब्दाचीही हुज्जत झाली नाही. माल त्याच्या रायपनिंग चेंबरमध्ये हिरवा पोहोचला.

एक गोष्ट नीट लक्षात घ्या, नाहीतर निराशा होईल. शनिवारी आले ते डॉलर. रुपये सोमवारी झाले, कारण आपला परकीय चलनाचा बाजार शनिवार-रविवारी बंद असतो. शेतकऱ्यांच्या खात्यात पैसे सोमवारीच गेले. आमच्या काकांनी विचारलंही, मग यात एवढं काय मिळालं? मला मिळालं ते असं की माल सोडायचा निर्णय शनिवारी खात्रीनं घेता आला, कोणाच्या शब्दावर विसंबावं लागलं नाही. आणि शेतकऱ्यांनाही शनिवारीच सांगता आलं की पैसे आले आहेत, सोमवारी दुपारनंतर खात्यात बघा. ज्या माणसाला पुढच्या लागवडीसाठी टिश्यू कल्चरची रोपं उचलायची असतात, त्याला 'बघू, येतील' आणि 'सोमवारी दुपारी' यात काय फरक आहे ते विचारा.

पुढची पायरी याहून मोठी आहे. बीएल आणि पैसे दोन्ही वहीवर आले तर एकाच क्षणी अदलाबदल होऊ शकते: पैसे पडले की बीएल त्याच्या नावावर. आधी कोणी हात मोकळा करायचा, हा वादच उरत नाही. ब्रिटननं २०२३ मध्ये कायदा करून इलेक्ट्रॉनिक बीएलला कागदी बीएलइतकाच मान दिला. आपल्याकडं १८५६ चा जुना कायदा जाऊन २०२५ मध्ये नवा बिल्स ऑफ लेडिंग कायदा आला, पण इलेक्ट्रॉनिक बीएलबाबत अजून तेवढी स्पष्टता आलेली नाही. तोवर बीएल सरेंडरचा मेल आपल्यालाच टाकावा लागणार.

आता तिसऱ्या वाटेच्या उणिवा. दोन्ही टोकांच्या बँका एकाच वहीवर असल्या तरच ही वाट चालते. आमच्या कुवेतच्या खरेदीदाराची बँक तिथं नाही, त्याचे पैसे आजही टीटीनं येतात आणि त्याच्याशी आम्ही शेवटचा हप्ता बुधवारच्या आत भरायचं ठरवून घेतलं आहे. खर्चात म्हणाल तर फार मोठी बचत मला दिसली नाही. चौकशीही सुटत नाही: जहाज कोणतं, अंतिम ग्राहक कोण, माल तिथून पुढं कुठं जाणार, हे प्रश्न बँक इथंही विचारते, आणि आखाताच्या व्यापारात ते विचारले गेलेच पाहिजेत. मध्ये बँका कमी असल्यानं तेच प्रश्न परत परत येत नाहीत, एवढा दिलासा.

आणि टिकण्याबद्दलची शंका खरी आहे. २०१८ मध्ये रिलायन्सनं अमेरिकेतल्या ट्रायकॉन एनर्जीला पाठवलेल्या मालाचं लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे पैशांचं बँकेचं हमीपत्र, एचएसबीसी आणि आयएनजी या बँकांनी ब्लॉकचेनवर केलं होतं. त्या प्रणालीतून पुढं कॉन्टूर नावाची कंपनी निघाली, ती २०२३ मध्ये बंद झाली. मर्स्क आणि आयबीएमची ट्रेडलेन्स सगळे जहाजी कागद एका ठिकाणी आणणार होती. ती गुंडाळत असल्याचं नोव्हेंबर २०२२ मध्ये जाहीर झालं. माझ्या समजुतीप्रमाणं दोन्हीकडं तंत्र चाललं, पण लिहिणारे पुरेसे जमले नाहीत. म्हणूनच सप्टेंबर २०२५ मध्ये खुद्द स्विफ्टनं तीसहून अधिक बँकांना घेऊन स्वतःची सामाईक खातेवही बांधायला घेतल्याचं जाहीर केलं, तेव्हा मला मनापासून बरं वाटलं. ज्या बँका आज एकमेकींना निरोप पाठवतात त्याच एका वहीत लिहू लागल्या तर कुवेतचाही प्रश्न सुटेल.

मध्यवर्ती बँकांचे प्रयोगही चालू आहेत. एमब्रिज या मध्यवर्ती बँकांच्या डिजिटल चलनांच्या प्रयोगात चीन, हाँगकाँग, थायलंड, अमिराती आणि सौदी आहेत, भारत नाही. पण रिझर्व्ह बँकेनं मार्च २०२३ मध्ये अमिरातीच्या मध्यवर्ती बँकेशी डिजिटल चलनांवर एकत्र काम करण्याचा करार केला आहे, आणि त्याच वर्षी जुलैमध्ये रुपया-दिरहम थेट व्यवहारांचाही. ई-रुपया आणि डिजिटल दिरहम यांची थेट अदलाबदल व्हायला लागली तर सावद्याच्या केळीच्या पैशानं न्यूयॉर्कला वळसा घालायचं कारणच उरणार नाही. माझी खरी आस तिथं लागली आहे.

सीमेपलीकडून पैसा लवकर आणायला दरवेळी ब्लॉकचेनच लागतं, असंही नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये यूपीआय सिंगापूरच्या पेनाऊला जोडलं गेलं. दोन देशांच्या चालू व्यवस्था एकमेकींना जोडल्या, एवढंच, आणि सिंगापूरला नोकरी करणाऱ्या मुलाचे पैसे भुसावळच्या आईला तेवढ्यात मिळतात. घरखर्चाला हे उत्तम. रकमेची मर्यादा लहान असल्यानं कंटेनरला त्याचा उपयोग नाही.

मग कोणी काय घ्यावं

वर्षाला मोजके कंटेनर पाठवत असाल, खरेदीदार दरवेळी नवा असेल, तर टीटीच बरी. खातं आहे तिथंच ठेवा, प्रत्येक हप्त्याबरोबर यूईटीआर मागून घ्या, आणि शेवटचा हप्ता गुरुवार-शुक्रवारी येणार नाही असं सौद्यातच लिहून घ्या. एवढ्यानंही बराच त्रास टळतो. चटई, डाळ, मिरची असा टिकाऊ माल असेल तर तिसऱ्या वाटेसाठी धावपळ करायची मला तरी गरज वाटत नाही.

नाशवंत माल असेल, खरेदीदार ठरलेला असेल आणि आठवड्याला कंटेनर निघत असेल, तर सामाईक वहीची चौकशी नक्की करावी. मी तिच्याकडं झुकलो आहे हे वरच्या मजकुरावरून दिसलंच असेल. पेटीमागं दोन पैसे जास्त सुटतात म्हणून झुकलेलो नाही. बंदरात माल, हवेत पैसे आणि दारात शेतकरी, अशी जी कोंडी व्हायची ती तिनं सोडवली.

चौकशीला जाताना शाखेत 'तुमच्याकडं ब्लॉकचेन आहे का' असं विचारून फार हाती लागत नाही. सरळ विचारा: शनिवारी दुबईहून सुटलेले डॉलर शनिवारीच माझ्या नावावर जमा दिसतील का? नॉस्ट्रोची जुळवणी दिवसातून कितीदा होते? आणि याच पैशांवर ई-बीआरसी नेहमीसारखं निघेल ना? पहिल्याचं उत्तर 'हो' आलं तर ट्रेझरीवाल्यांचा नंबर मागून घ्या. खरेदीदारालाही त्याच्या बँकेत पहिला प्रश्न विचारायला लावा, कारण एका टोकानं काम होत नाही. कागदांना वेळ लागतो, तेव्हा हे सगळं कापणी सुरू व्हायच्या बरंच आधी उरका.